डायनासोर ही शिवी कशी?

एखादी वस्तू जुनाट, अवजड झाली की हल्ली तिला सर्रास 'डायनासोर' म्हणतात. (माणसांनाही म्हणतात, माझ्या वयाला ते जरा जास्तच ऐकू येतं!) अहो, ते लांब मानेचे सॉरोपॉड पृथ्वीवर १० कोटींहून अधिक वर्षं नांदले. आपण माणसं जेमतेम ३ लाख.

जुन्या चित्रांत ते गळ्यापर्यंत दलदलीत बुडालेले असायचे. का, तर म्हणे स्वतःचं वजन पेलवत नव्हतं! केरमॅक यांनी १९५१ मध्येच दाखवलं की इतक्या खोल पाण्याच्या दाबाखाली त्यांना श्वासच घेता आला नसता. पाय खांबासारखे, मणक्यांत हवेच्या पोकळ्या. एका जागी उभं राहून मान फिरवायची, पाला ओरबाडायचा आणि न चावता गिळायचा. चावायचंच नाही, मग डोकं मोठं हवं कशाला? आणि त्या लहान डोक्यावरून आपण त्यांना मठ्ठ ठरवणार!

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताचे अंश असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर त्या काळी गवत नव्हतंच, असं आपण बिनदिक्कत शिकवत होतो.

बरं, ते संपले तेही आळसानं नव्हे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आकाशातून डोंगराएवढा धोंडा येऊन आदळला, त्याला ते बिचारे काय करणार?