मास्तर, स्माइल प्लीज!

‘काय करतोस?’
‘फोटोग्राफर आहे.’
‘ते झालं रे, पण नोकरी कुठे?’

हा डायलॉग ऐकला नाही असा एक फोटोग्राफर पुण्या-मुंबईत शोधून दाखवा, कटिंग माझ्याकडून! आणि त्यातून तो बिचारा ‘वीकेण्डला शिकवतोसुद्धा’ असं म्हणाला, की संपलंच. समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच सहानुभूती. अरेरे, कामं मिळत नसणार, म्हणून क्लास काढला! दुकान चाललं नाही की माणूस मास्तर होतो, हा आपल्याकडचा फिक्स समज.

माझा एक जिगरी दोस्त रोज या समजाचा मार खातो. कमर्शियल आर्ट शिकलेला, गेली सहा वर्षं पुण्यात फुलटाइम फोटोग्राफर. त्याचं वर्ष एक एप्रिलला नाही, तुळशीच्या लग्नाला सुरू होतं. तुळशीचं लागलं की माणसांची लागायला लागतात, आणि मग हा आषाढापर्यंत कुणाच्या हाती लागत नाही. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणजे शूट्स नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. घरभाडं आणि लेन्सचा ईएमआय मात्र चातुर्मास पाळत नाहीत!

बरं, सीझनमध्ये तरी ऐश असते का? ‘एका दिवसाचं तर काम, एवढे पैसे?’ हे वाक्य त्याला प्रत्येक वधूपिता ऐकवतो. त्या एका दिवसाआधी हॉल बघून येणं असतं. नंतर दोन वेगवेगळ्या डिस्कवर बॅकअप, हजारो फोटोंतून छाटणी, रंग सुधारणं, अल्बमचं डिझाइन आणि ‘आत्याबाई एकाही फोटोत नाहीत’ याचं स्पष्टीकरण. आणि अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन सेकंदांचा. तिथे रीटेक नाही. कुणाचा काका मोबाइल घेऊन मध्ये आला की गेलाच तो क्षण.

तर चातुर्मासात हा पठ्ठ्या शनिवार-रविवारची बॅच चालवतो. मी दोन रविवार मागच्या बाकावर बसून आले. क्लासला बहुतेक जण आपल्यासारखेच. हिंजवडीतले, बँकेतले, एक डेंटिस्ट. निम्म्यांचे कॅमेरे सरांच्या कॅमेऱ्यापेक्षा महाग. पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, आता पुढचा कॅमेरा कोणता घेऊ?’ सरांचं उत्तरही ठरलेलं. एकच लेन्स, एक आठवडा, फक्त ३६ फोटो आणि डिलीट करायला बंदी. ३६ का? तर पूर्वी फिल्मच्या रोलमध्ये तेवढेच असायचे. दिवसाला दोनशे फोटो काढणाऱ्या पोरांचे चेहरे काय उतरतात म्हणून सांगू! पण पुढच्या रविवारी तीच पोरं बटण दाबण्याआधी चक्क थांबून बघत होती.

मग आला मोदकांचा तास. आईने केलेल्या पांढऱ्याशुभ्र उकडीच्या मोदकांनी ताट भरलंय. फोटो काढला की मोदक मळकट का दिसतात? कारण कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. काळ्या पाषाणाची मूर्ती याच कारणाने फिकट, पांढुरकी येते. उपाय सोपा. पांढऱ्यासाठी एक्सपोजर थोडं वाढवा, काळ्यासाठी कमी करा. बऱ्याच फोनवर स्क्रीनला बोट लावलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की झालं काम. यंदाच्या गणपतीत करून बघा.

क्लास सुटल्यावर चहा पिताना मी त्याला थेटच विचारलं, ‘फी सोडून तुला यातून काय मिळतं रे?’

‘अगं, लग्नात माझं बोट आपोआप ती सेटिंग बदलतं. पण का बदलतं, ते शिकवायला लागल्यावरच नीट कळलं. पोरं ‘का’ विचारतात ना! क्लायंट फक्त ‘कधी’ विचारतो.’

सॉलिड वाक्य! आणि असं म्हणण्यात तो एकटा नाही, कंपनी एकदम भारी आहे. अमेरिकेतल्या डोंगरदऱ्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हटलं की आठवणारे अॅन्सेल अॅडम्स. हे गृहस्थ बरीच वर्षं पोट भरायला जाहिराती आणि कंपन्यांची कामं करत होते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा हिशेब मांडणारी त्यांची प्रसिद्ध ‘झोन सिस्टिम’ जन्मली ती १९४० च्या आसपास, लॉस एंजेलिसच्या एका आर्ट स्कूलमध्ये फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर शिकवताना. म्हणजे मोदकाच्या तासाचे आजोबाच! पुढे योसेमिटीत त्यांनी १९५५ ते १९८१ दरवर्षी वर्कशॉप घेतलं. तोवर ते जगप्रसिद्ध झाले होते. त्यांना कुणी ‘कामं मिळत नाहीत वाटतं’ असं म्हणालं असेल का?

इतक्या लांब कशाला, आपल्या मुंबईचे मित्तर बेदी बघा. कारखाने, रिफायनऱ्या, चिमण्या असले फोटो कंपन्यांसाठी काढायचे, आणि विद्यार्थ्यांना शिकवायचेही. १९८५ मध्ये ते गेले. आज तेच ‘कंपनीचे फोटो’ आर्ट गॅलरीत लागतात. आणि बडोद्याचे ज्योती भट्ट. तिथल्या फाइन आर्ट्समध्ये ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे तिथेच वर्षानुवर्षं मास्तरकी केली. मूळचे चित्रकार आणि प्रिंटमेकर. १९६७ मध्ये गुजरातच्या लोककलेवरच्या एका सेमिनारसाठी कॅमेरा घेऊन निघाले ते थांबलेच नाहीत. खेड्यांतल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण, जे जे पुसलं जाणार होतं ते टिपत राहिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता माझ्या मित्राचं ‘पुसलं जाणारं’ काय? पेठांतल्या हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या. फ्लेक्स आल्यापासून त्या भराभर गायब होतायत. सोमवारी सकाळी हा ठरवून फक्त पाट्या टिपतो. शिकवणं दिवस खातंच, म्हणून हा एक दिवस तो क्लासलाही देत नाही आणि क्लायंटलाही नाही. त्याचे पैसे कुणीच देत नाही.

आणि इथेच खरी गंमत झाली. यंदा मे महिन्यात त्याला ऑफर आली. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीत कॅटलॉग फोटोग्राफर. महिन्याच्या एक तारखेला पगार, पीएफ, मेडिक्लेम. घरात पेढे आणायची तयारी! पण करारात दोन बारीक ओळी होत्या. बाहेर शिकवायचं नाही, आणि नोकरीत असताना काढलेला प्रत्येक फोटो, अगदी सुट्टीतलासुद्धा, कंपनीच्या मालकीचा.

हे आपल्यालाही माहीत हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. अर्थात, करारात वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर. पण सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो कायद्याने काढणाऱ्याचाच. तो कंपनीला द्यायचा की नाही, हे करारावरची सहीच ठरवते. त्यामुळे लॅपटॉप उघडून ‘आय अॅग्री’ करण्याआधी वाचा, प्लीज!

त्याने कंपनीला विचारलं, या दोन ओळी काढता येतील का? नाही म्हणाले. मग यानेही नाही म्हटलं. घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘मास्तरकीच करायची होती, तर बी.एड. का नाही केलंस?’ ईएमआय अजून चालू आहे, गाडी सेकंडहॅण्डच आहे, आणि जुलैत त्याने माझ्याकडून उसने पैसेही नेले. हे सगळं खरं. पण पाट्या त्याच्या आहेत, आणि रविवारी ‘का’ विचारणारी पोरंही.

म्हणून उद्याच पेपर टाकून कॅमेरा गळ्यात अडकवा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. तो स्वतः त्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा टाईप पण करू नका. मुद्दा एवढाच, की कमाईचं काम, शिकवायचं काम आणि फक्त स्वतःसाठीचं काम हे तीन वेगळे कप्पे आहेत. एकातलं कमी पडतंय म्हणून दुसरा उघडलेला नसतो. तिन्ही मिळून तो माणूस उभा राहतो.

आणि हो, तुळशीचं लग्न आलंच जवळ. तुमच्या ताईचं ठरलं असेल, तर ‘मित्रच आहेस, बघ ना थोडं’ असं म्हणू नका. अॅडव्हान्स द्या. आणि मोबाइलवाल्या काकांना जरा धरून ठेवा!