समर्थ डॉट कॉम कोणाचं?

बालमित्रांनो, वीर नावाची गावं किती? एक आपलं, महाड तालुक्यातलं. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेच हे वीर. दुसरं पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात, म्हस्कोबाच्या यात्रेचं. पाकिटावर तालुका-जिल्हा लिहिला की दोघांची पत्रं बिनचूक पोचतात.

दुकानांचंही तसंच. समजा, महाडला ‘समर्थ बेकरी’ आहे आणि पोलादपूरला ‘समर्थ सायकल मार्ट’. भांडण नाही! व्यापारचिन्हांच्या कायद्यात माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. पाव एका वर्गात, सायकल दुसऱ्यात. गिऱ्हाइकाची फसगत होत नसेल, तर दोघंही नाव लावू शकतात.

इंटरनेटवर मात्र गंमत होते. तिथल्या पत्त्याला ‘डोमेन नेम’ म्हणतात. ‘समर्थ डॉट कॉम’ साऱ्या जगात एकच! तिथे तालुका-जिल्हा लिहायची सोय नाही. एकाच पत्त्यावर दोन घरं असली, तर कॉम्प्युटरनं कोणाचं दार वाजवायचं? म्हणून नियम साधा : जो आधी मागेल, पैसे भरील, त्याला नाव. ‘तुमचा या नावावर हक्क काय?’ असं नोंदणी करताना सहसा कोणी विचारत नाही. लबाडी शिरते ती इथूनच.

मुंबईचीच गोष्ट घ्या. ‘रेडिफ’ ही इथली नावाजलेली वेबसाइट. दुसऱ्या एका कंपनीनं ‘रॅडिफ डॉट कॉम’ असं नाव नोंदवलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कंपनी म्हणाली, छे छे, आम्ही नक्कल नाही केली! ‘रॅडिकल’मधली पहिली तीन अक्षरं घेतली आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’, ‘फ्री’ यांचं एकेक. न्यायालयाला काही ते पटलं नाही. १९९९ मध्ये त्यांनी ते नाव वापरायला मनाई केली. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, व्यापारचिन्हासारखंच त्याचंही रक्षण झालं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं.

त्याच वर्षी ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या तंट्यांसाठी जागतिक नियमही झाले. तक्रार करणाऱ्यानं तीन गोष्टी दाखवायच्या. नाव आपल्या चिन्हासारखं, फसवं आहे. समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही. आणि त्यानं ते वाईट हेतूनं नोंदवलं व वापरलं. तिन्ही हव्यात हं, दोन चालत नाहीत!

आईबाबांसाठीही एक सांगते. हे नाव कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं, मग पुन्हा पैसे. मुदत विसरलात तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. दुकानाची वेबसाइट कोणाकडून करून घेतलीत, तर नोंदणी तुमच्या नावावर आहे ना, ते पाहा. आणि आपलं चिन्ह भावाला, भागीदाराला वापरू द्यायचं असेल, तर कशासाठी आणि किती दिवस, ते कागदावर असू द्या. घरातच वाद जास्त होतात!

आता तुमच्यासाठी कोडं. पोलादपूरच्या सायकलवाल्यानं ‘समर्थ डॉट कॉम’ आधी घेतलं आणि त्यावर तो इमानेइतबारे सायकली विकतो. बेकरीवाल्यानं तक्रार केली. मघाच्या तीन गोष्टींपैकी कोणत्या त्याला दाखवता येतील, आणि कोणत्या नाहीत?