वेदना तिची, गल्ला त्यांचा

सोशिकपणा हा स्त्रीचा अलंकार मानण्याची आपल्याकडे रीत आहे. व्याख्यानांतून, कीर्तनांतून, घरगुती समारंभांतून या अलंकाराचे भरभरून कौतुक होते. पण जिथे जिथे असे कौतुक होते, तिथे तिथे त्या सोसण्यावर पैसा करणारा कोणी ना कोणी दाराशी येऊन उभा राहतो, हा इतिहासाचा दाखला आहे. हा दाखला अगदी ठळकपणे पाहावयाचा असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेकडे वळावे लागेल. त्या काळी तिथल्या मध्यमवर्गीय घराच्या फडताळात एखादी औषधाची बाटली हमखास सापडे. मासिक पाळीचे दुखणे, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, गर्भाशय खाली सरकणे, थकवा, उदासपणा, उतारवयातील अंगाची आग, या सर्वांवर तोच एक उतारा, असे बाटलीवर छापलेले असे.

या औषधांना 'पेटंट औषधे' म्हणत. नावच मुळी फसवे होते. खरे पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते सरकारदरबारी उघड करावे लागते. या विक्रेत्यांना नेमके तेच नको होते. म्हणून ते बाटलीचे नाव आणि लेबल तेवढे नोंदवून घेत, घटकद्रव्ये मात्र गुलदस्त्यात ठेवत. गुपित हेच त्यांचे भांडवल होते.

लिन गावची बाटली

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी १८१९ साली जन्मलेली लिडिया पिंकहॅम ही या व्यवसायातील सर्वांत गाजलेली बाई. ती कोणी भामटी नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. क्वेकर घराण्यात ती वाढली आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत तिने भाग घेतला. शेजारपाजारच्या बायकांना ती घरी केलेला काढा फुकट देत असे. १८७३ च्या आर्थिक मंदीत पतीचा व्यवसाय बुडाला आणि १८७५ पासून हाच काढा 'लिडिया ई. पिंकहॅम्स व्हेजिटेबल कंपाउंड' या नावाने विकला जाऊ लागला. किंमत एक डॉलर. म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराची जवळजवळ दिवसभराची कमाई. १८७९ पासून जाहिरातीत तिचा स्वतःचा चेहरा आला. शांत, प्रेमळ, आजीसारखा दिसणारा तो चेहरा अमेरिकेतील सर्वांत परिचित स्त्रीमुखांपैकी एक झाला.

बाटलीत होते काय? काही अमेरिकन मुळ्या, 'ब्लॅक कोहोश' नावाची एक वनस्पती, आपल्या स्वयंपाकघरातले मेथीचे दाणे आणि तब्बल १८ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क. हा मद्यार्क केवळ द्रावक आणि संरक्षक म्हणून घातला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या, मद्याच्या थेंबालाही न शिवणाऱ्या सोवळ्या स्त्रियांच्या घरात हीच बाटली औषध म्हणून सुखाने नांदत होती! थोडा वेळ बरे वाटत असे, यात नवल ते काय?

एकटी पिंकहॅमच नव्हे. टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथून निघणाऱ्या 'वाइन ऑफ कार्डुई'तही असाच भरपूर मद्यार्क होता आणि तेही स्त्रियांच्याच दुखण्यांसाठी होते. आणि 'मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप'? दात येताना रडणाऱ्या तान्ह्या बाळांना शांत करण्यासाठी दमलेल्या आयांना विकल्या जाणाऱ्या या गोड औषधात मॉर्फिन होते. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९११ मध्ये त्याची गणना बालघातक औषधांत केली. किती बाळे शांत झाली आणि किती कायमची शांत झाली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ती भोळी नव्हती

हे सारे वाचून 'बायका भोळ्या, म्हणून फसल्या' असा शेरा मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आमचा पहिला आक्षेप या शेऱ्यालाच आहे. त्या स्त्रीपुढे दुसरा मार्ग कोणता होता? एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर पारायुक्त कॅलोमेल देत, जळवा लावत. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या आणि मानसिक तक्रारींवर उपाय म्हणून स्त्रीची बीजांडेच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे निरोगी बीजांडे अशी कापली गेली. कित्येक स्त्रिया त्या शस्त्रक्रियेतून उठल्याच नाहीत. शिवाय परक्या पुरुषापुढे आपल्या देहाविषयी बोलणेच जिथे लज्जास्पद, तिथे दवाखान्याची पायरी कोण चढणार? एका बाजूला सुरी, दुसऱ्या बाजूला संकोच आणि समोर एका प्रेमळ चेहऱ्याची बाटली. तिने बाटली निवडली. तिच्या जागी शहाण्यातला शहाणाही तीच निवडता.

पिंकहॅम कंपनीने हे पुरते ओळखले होते. 'मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. तुमचे पत्र कोणीही पुरुष वाचणार नाही', असे आवाहन जाहिरातीतून केले जाई. हजारो स्त्रिया लिहीत. जे नवऱ्याला सांगितले नाही, सासूला सांगितले नाही, डॉक्टरला सांगितले नाही, ते त्या लिन गावाला कळवत. उत्तर येई. त्यात आहार, स्वच्छता, व्यायाम यांविषयी काही चांगला सल्लाही असे. आणि अर्थातच त्या बाटलीची शिफारसही असे. स्त्रीचे ऐकून घेणे हे या व्यापाराचे खरे औषध होते. ते घरात फुकट मिळायला हवे होते. ते मिळाले नाही, म्हणून ते एका डॉलरला विकले गेले.

थडग्यातून आलेली उत्तरे

लिडिया पिंकहॅम १८८३ मध्ये वारली. पण जाहिरातीतली मिसेस पिंकहॅम मरायला तयार नव्हती. तोच चेहरा, तेच आवाहन आणि वाचणारीची तीच समजूत की, त्या प्रेमळ आजीबाईच आपले पत्र वाचत आहेत. दोन दशकांहून अधिक काळ हे चालले. अखेर १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने लिनच्या स्मशानभूमीतील तिच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. दगडावर मृत्यूचे साल स्वच्छ कोरलेले होते. सून हा पत्रव्यवहार पाहते, असा खुलासा कंपनीने केला. पण अत्यंत खाजगी दुःख ज्या व्यक्तीवर विश्वास ठेवून कळवायचे, ती व्यक्तीच जगात नसावी, यापरता विश्वासघात कोणता?

या मासिकाचा संपादक एडवर्ड बोक याने १८९२ पासूनच आपल्या पानांवर पेटंट औषधांच्या जाहिराती बंद केल्या होत्या. उत्पन्नावर पाणी सोडून त्याने हे केले, म्हणून त्याच्या लेखणीला वजन आले. अर्थात बोकचेही एकदा चुकले. स्त्रियांसाठीच्या दुसऱ्या एका औषधात नसलेली द्रव्ये आहेत असे त्याने छापले आणि बदनामीच्या दाव्यात त्याला हार खावी लागली. असत्याशी लढणाऱ्याने स्वतःचे प्रत्येक वाक्य तपासून घ्यावे लागते, हा धडा आपल्यासारख्या लेखणी चालवणाऱ्यांनी विसरू नये.

वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप

इतर वृत्तपत्रे काय करत होती? मौन पाळत होती. आणि हे मौन विकत घेतलेले होते. औषधविक्रेत्यांच्या जाहिरात-करारात एक कलम असे: राज्यात या औषधांना प्रतिबंध करणारा कायदा झाला, तर हा करार रद्द होईल. म्हणजे कायद्याविरुद्ध ओरड करण्याची जबाबदारी आपोआप वृत्तपत्राच्या मालकावर आली! 'कॉलियर्स' या साप्ताहिकाने १९०५ च्या नोव्हेंबरात हे कलम जगापुढे आणले. त्याच साप्ताहिकात ऑक्टोबरपासून सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराची पेटंट औषधांवरील लेखमाला सुरू झाली होती. त्याचा परिणाम म्हणून ३० जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर स्वाक्षरी केली. मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखी द्रव्ये असल्यास लेबलवर प्रमाणासह सांगणे बंधनकारक झाले.

इथे कथा संपली असती तर फार बरे झाले असते. पण तो कायदा घटकांविषयीच्या खोटेपणापुरता होता. गुणांविषयीचे खोटे दावे त्यात बसत नाहीत, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली, पण तीत विक्रेत्याचा फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची अट राहिली. औषध निर्धोक आहे हे विक्रीपूर्वी दाखवण्याचे बंधन १९३८ मध्ये आले आणि ते गुणकारी आहे हे सिद्ध करण्याचे बंधन १९६२ मध्ये. दरम्यान पिंकहॅमच्या बाटलीचे काय झाले? तिची विक्री शिखराला पोहोचली ती १९२५ साली, सुमारे ३८ लाख डॉलरवर. म्हणजे कायदा होऊन एकोणीस वर्षे उलटल्यावर! लेबलवर मद्यार्काचे प्रमाण छापले गेले, तरी ती खपतच राहिली. कारण ज्या मौनातून तिची मागणी जन्मली, ते मौन कायद्याने मोडले नव्हते.

'वनस्पतिजन्य' हे प्रमाणपत्र नव्हे

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात १९५४ सालीच औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. मासिक पाळीच्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. कायद्याच्या परिशिष्टात गर्भाशयाचे विकार आणि एकूणच स्त्रीरोग यांचाही उल्लेख आहे. जाहिरात देणाराच नव्हे, तर ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्याच्या कक्षेत येतो. कायदा आहे, पण त्याची जरब कुठे आहे? भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, दूरचित्रवाणीवर, एस.टी. स्थानकाच्या भिंतीवर 'महिलांच्या सर्व समस्यांवर एकच उपाय' आजही बिनदिक्कत मिरवतो आहे.

या मंडळींची आवडती ढाल म्हणजे 'पूर्णतः वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक'. वाचकहो, पिंकहॅमच्या बाटलीवरही 'व्हेजिटेबल' असेच लिहिलेले होते! तिच्यातील 'लाइफ रूट' या वनस्पतीत यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात, हे पुढे कळले. अफूही वनस्पतीच आहे आणि धोत्राही.

आणि आयुर्वेदाचे नाव पुढे करून गुप्त नुसखा विकणाऱ्यांना तर अधिक परखडपणे विचारले पाहिजे. आयुर्वेदात गुपिताला स्थान कुठे आहे? अशोकारिष्टाचा पाठ 'भैषज्यरत्नावली'त उघड दिलेला आहे. कोणीही वाचावा, तपासावा, चर्चा करावी. वैद्याचा वेष घेऊन हिंडणाऱ्या भोंदूंना खऱ्या वैद्यापासून वेगळे काढण्याचे काम चरकाने सूत्रस्थानातच केले आहे. ज्या परंपरेने पाठ उघडे ठेवले, तिच्या नावाने 'गुप्त फॉर्म्युला' विकणे ही त्या परंपरेची सेवा नाही, विटंबना आहे. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर ही विटंबना सर्वांआधी ओळखली पाहिजे. परकीयाने फसवले तर चीड आणि स्वकीयाने फसवले तर कौतुक, हा न्याय स्वाभिमानी समाजाला शोभत नाही.

घरापासून आरंभ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. म्हणजे आपल्या घरात दोन स्त्रिया असतील, तर त्यांतील एकीला रक्त कमी असण्याचा पुरेपूर संभव आहे. 'अशक्तपणा वाटतो' असे ती म्हणते, तेव्हा आपण 'टॉनिक घे' म्हणून सुटका करून घेतो. हिमोग्लोबिनची साधी तपासणी कितीशी महाग आहे? लोहाच्या गोळ्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पण अतिरिक्त रक्तस्राव का होतो, गाठ आहे का, जंत आहेत का, पुरेसे खाणे पोटात जाते का, हे विचारायला वेळ आणि आस्था लागते. बाटली आणून देणे सोपे असते.

म्हणून तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. बाटलीत काय आहे, किती आहे आणि त्याचा गुण कोणी तपासला आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणतेही औषध, मग ते विलायती असो वा देशी, घरात येऊ देऊ नये. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींनी महिला मेळाव्यात हळदीकुंकवाबरोबर रक्ततपासणीही ठेवावी आणि जे विषय कुजबुजत बोलले जातात ते मोकळेपणाने बोलावेत. आणि नियतकालिके चालवणाऱ्यांनी बोकप्रमाणे आपल्या जाहिरातींची पाने एकदा तटस्थ नजरेने चाळावीत. अग्रलेखात संस्कार आणि शेवटच्या पानावर भोंदू टॉनिक, हा दुटप्पीपणा वाचकाच्या ध्यानात येतोच.

राहता राहिला घरातील पुरुष. पत्नीची कंबर कधीपासून दुखते, आईला रात्री झोप का लागत नाही, मुलगी महिन्यातले चार दिवस शाळा का चुकवते, हे त्याला ठाऊक आहे काय? नसेल तर ते विचारण्याचे धैर्य त्याने आजच दाखवावे. तिचे दुःख ऐकायला घरात कोणी नसेल, तर ते ऐकण्याचे दाम घेणारा बाजार बाहेर तयारच आहे.