कावळ्याचं पान आणि साठ माणसं

"अप्पांना काय काय आवडायचं?"

रक्षाविसर्जनाच्या आदल्या रात्री आमच्या माधवनगरच्या घरात या एका प्रश्नावर तासभर खल चालला होता. भडंग तर हवंच. कांदाभजी. कपभर चहा, दोन चमचे साखरेचा (डॉक्टरांनी बंद केलेली साखर आता खुशाल घाला म्हणे!). दादा म्हणाला, तंबाखूची पुडी ठेवा, त्याशिवाय कावळा शिवायचा नाही. आईनं त्या अवस्थेतही "सोडली होती हो त्यांनी तंबाखू" असं सांगून पाहिलं. त्यावर धाकट्या काकांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला कळायचं ते कळलं. थोडक्यात, कावळ्याच्या पानाचं नियोजन अगदी चोख झालं.

सकाळी स्मशानातून घरी येणारी साठ माणसं काय खाणार, हे मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, पण घरचेही हा ब्लॉग वाचतात म्हणून टाळत होते. आज लिहितेच. मामा, रागावू नका.

तर त्या सकाळी कावळा पटकन शिवला, सगळ्यांना बरं वाटलं आणि सगळे घरी आले. ठाण्याची आत्या रात्रभर बसमध्ये बसून आलेली. भिलवडीचे, तासगावचे पाहुणे पहाटे निघालेले. बंद पडलेल्या गिरणीतले अप्पांचे जुने सोबती, सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यातल्या निम्म्यांना साखरेची गोळी. उपाशी कसं पाठवणार? मग दुकान उघडायला लावून पाच किलो पोहे आले (एका किलोत बारा-चौदा बशा होतात, हे तेव्हापासून पाठ आहे) आणि मी, वहिनी, चुलतबहीण अशा तिघी स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसलो.

बाहेरच्या खोलीत अप्पांबद्दल बोलणं चाललं होतं. मला फोडणीच्या आवाजात तुटक तुटक ऐकू येत होतं. कुणीतरी गिरणीतल्या रात्रपाळीची गोष्ट सांगत होतं, त्यात अप्पा कुठल्याशा साहेबाला काहीतरी बोलले होते, आणि मग सगळे हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं होतं. मी झारा तसाच हातात घेऊन दारापर्यंत गेले तर गोष्ट संपली होती. "अगं, तू असायला हवी होतीस!" आत्या म्हणाली. नंतर मी तीन जणांना ती गोष्ट विचारली. तिघांनी तीन वेगवेगळ्या सांगितल्या. ज्यांनी ती मूळची सांगितली होती ते गृहस्थ त्या पावसाळ्यात गेले.

माझ्या वडिलांबद्दलची एक गोष्ट कायमची गेली. का, तर मी पोह्यांना मीठ बेताचं पडलंय ना हे बघत होते. डोळ्यांतून पाणी येतच होतं म्हणा, पण लोकांना वाटलं कांद्यानं येतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मयताच्या घरी जेवण जरूर असावं, पण ते त्या घरातल्या माणसांनी ठरवू नये, करू नये आणि वाढूही नये.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जुन्या लोकांना ते बरोबर ठाऊक होतं. पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही हा नियम आपण सगळे सुतकाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मला वाटतं त्यामागे साधी माणुसकी असावी. त्या दिवशी आमच्या घरी कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. शेजारच्या जैन काकू दिवस मावळायच्या आत पातेलंभर पिठलं आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या घेऊन आल्या. मावळल्यावर त्या स्वतः जेवत नाहीत, कांदा-लसूण त्यांच्या घरात येत नाही, त्यामुळे पिठलं नुसतं हिरवी मिरची आणि जिऱ्याचं. आईच्या हातात चतकोर भाकरी देऊन म्हणाल्या, "एवढा कडू घास खावाच लागतो बाई." आणि तिनं खाल्ला. भूक आहे का, काय करू, किती टाकू, असलं काही त्यांनी विचारलं नाही. आईला कुणी विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती.

उत्तरेत यालाच कडवी रोटी म्हणतात. मिरजेची माझी एक मुसलमान मैत्रीण आहे, तिच्याकडेही शेजारपाजारचेच जेवण आणतात. जाफर लढाईत मारले गेल्याची बातमी आली तेव्हा पैगंबरांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा असं सांगितलं होतं, तो दाखला ती देते. ज्यू लोकांत दफनानंतरचं पहिलं जेवण दुसऱ्यांनी द्यायचं असतं, आणि त्यात उकडलेली अंडी, मसूर असे गोल पदार्थ असतात. एकमेकांशी फारसं न पटणाऱ्या एवढ्या लोकांचं या एका बाबतीत एकमत आहे, म्हणजे त्यात काहीतरी असणार!

गडबड होते ती तिसऱ्या दिवसापासून. तिथे शेजाऱ्यांचं काम संपतं आणि घरच्यांचं सुरू होतं. मग उत्तरकार्याच्या गोड जेवणापर्यंत ते वाढतच जातं. बुंदी की जिलेबी, मांडव किती फुटी, आमक्यांकडे चार भाज्या होत्या... ज्या बाईचा नवरा जाऊन दहा दिवस झालेत तिला आचारी विचारतो, "वहिनी, मठ्ठा ठेवायचा का?"

या जेवणावळींवर आपल्याकडे कमी बोललं गेलेलं नाही. गाडगेबाबा कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले की कर्ज काढून जेवणं घालू नका. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून साधं गोड जेवण दिलं होतं. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला, आणि आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या गावागावांत त्याचे लोक होते. वाळवा तालुक्यातल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं ऐन बेचाळीसच्या धामधुमीनंतर कमी खर्चाचे गांधी विवाह लावले. लग्नाचा खर्च आटोपशीर करायला निदान असं एक सुटसुटीत नाव तरी मिळालं. राजस्थानात तर १९६० साली मृत्युभोजाविरुद्ध चक्क कायदा झाला, आणि तरीही तिकडे पंगती उठतच राहिल्या.

अप्पांचंही हेच मत होतं. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या खात्यातल्या एकानं बापाच्या दिवसांसाठी व्याजानं पैसे काढले, ते फेडताना सायकलसुद्धा विकली. ती सायकल अप्पांनीच घेतली होती. घेतल्यावर कधी वापरली नाही, नुसती भिंतीला लावून ठेवली.

पण म्हणून "जेवणबिवण काही नको, ती रक्कम शाळेला द्या" असं म्हणणाऱ्यांशीही माझं पुरतं जमत नाही. शाळेला जरूर द्या. पण २०२० साली मोठी आत्या गेली तेव्हाचं मी विसरलेले नाही. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. जेवण नाही, दिवस नाहीत, खर्च नाही. सगळं अगदी सुधारकांना हवं तसं! तिची दोन्ही मुलं आजही म्हणतात की आई गेली असं वाटतच नाही, कुठेतरी गावाला गेल्यासारखी वाटते. कारण घरात कुणी येऊन बसलंच नाही. आणि माणूस येऊन बसायला हातात काहीतरी लागतं हो. रिकाम्या हातानं आपण फार तर दहा मिनिटं बसतो, "मन घट्ट करा" म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. हातात चहाचा कप असला की अर्धा तास बसतो आणि त्या अर्ध्या तासाच्या शेवटी कधीतरी खरं बोलतो.

मग आम्ही काय केलं ते सांगते. उत्तरकार्य घरातल्या पंधरा-वीस माणसांत उरकलं (मामा इथेच रागावले). आणि त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, अप्पांना ओळखणाऱ्या सगळ्यांना नुसतं घरी या म्हणून सांगितलं. विधी नाही, भाषणं नाहीत, फोटोला हार घालायची रांग नाही.

खाण्याचं सगळं जैन काकूंच्या सुनेकडे सोपवलं. ती बँकेत आहे, तिला आकडे कळतात. तिनं आम्हाला एकच प्रश्न विचारला, माणसं किती? आम्ही म्हटलं साठ. ती म्हणाली, मग सत्तर धरते. भडंग तिनं दुकानातून दोन डब्यांत आणलं, एक नेहमीचं आणि एक बिनलसणाचं. डझनांवारी केळी, कारण ज्यांना दात नाहीत आणि ज्यांना तिखट चालत नाही अशा दोघांचीही सोय होते. दूध सात लिटर. एक लिटर दुधात तेवढंच पाणी घातलं की लहान वीस कप होतात, आणि अशा ठिकाणी माणूस दोनदा चहा घेतो. एक किटली बिनसाखरेची, तिच्या कानाला लाल दोरा. लांबून आलेल्यांसाठी बचत गटाच्या बायकांना सांगून ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका आणि दही. झुण्याचं एक छोटं पातेलं बिनकांद्याचं. पाचची वेळही तिनंच ठरवली, फेब्रुवारीत साडेसहाला अंधारतं, रात्री न जेवणाऱ्यांना त्याआधी चार घास खाता आले पाहिजेत. वांग्याचं भरीत करूया असं दादा म्हणत होता, अप्पांचं आवडतं म्हणून. तिनं सरळ सांगितलं, "दादा, अप्पांचं पान त्या दिवशी झालं. हे जिवंत माणसांचं आहे."

आणि कप विसळायला गल्लीतली चार पोरं. पोरी नव्हे, पोरं.

मी त्या दिवशी दोन तास एका जागी बसून होते. वहिनी शेजारी. कुणीही आम्हाला चमचे कुठे आहेत असं विचारलं नाही. स्टेशनवर अप्पांबरोबर रोज संध्याकाळी बसणारे एक आजोबा आले होते, ते म्हणाले की अप्पा प्रत्येक गाडीची वेळ घड्याळात बघायचे आणि गाडी उशिरा आली की स्वतःच्याच घड्याळाला शिव्या द्यायचे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आई हसली, आणि मग बराच वेळ रडली, आणि काकूंनी तिच्या हातात केळं सोलून दिलं.

मामा आजही म्हणतात, भावजींचं जेवण काही नीट झालं नाही. त्यांच्या बाजूनंही खरं आहे. पानावर गोड पडल्याशिवाय दुखवटा सुटला असं त्यांना वाटत नाही आणि सत्तर वर्षांची सवय माझ्या एका ब्लॉगनं जाणार नाही. त्यांना मी सुचवलंय की पुढच्या वेळी बुंदीचा डबा तुम्ही आणा, फक्त आम्हाला वाढायला लावू नका.

हे लिहिताना आईला वाचून दाखवत होते. ती शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या वेळी भडंगाबरोबर चिवडापण ठेव. आणि ती लाल दोऱ्याची किटली परत केलीस का गं त्यांची?"

नाही केली. माळ्यावर आहे. उद्या नेऊन देते.