कामगारांचा पडदा

सॅन फ्रान्सिस्को बंदरात ५ जुलै १९३४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन कामगार ठार झाले आणि पाठोपाठ सारे शहर संपावर गेले. त्या लढ्याच्या स्मरणार्थ तिथे १९९४ पासून जुलैत 'लेबरफेस्ट' हा महोत्सव भरतो. त्यात कामगारांवरचे चित्रपटही दाखवले जातात.

अशी हक्काची जागा का लागते, हे 'सॉल्ट ऑफ द अर्थ'ची कहाणी सांगते. न्यू मेक्सिकोतील जस्तखाणीच्या संपावरचा हा १९५४ चा चित्रपट. न्यायालयाने खाणकामगारांच्या निदर्शनांना मनाई करताच त्यांच्या बायका फाटकावर उभ्या राहिल्या. पडद्यावरही बहुतेक भूमिका त्याच कुटुंबांनी केल्या. दिग्दर्शक हॉलिवूडच्या काळ्या यादीत, नायिकेची मेक्सिकोला रवानगी, बहुतेक चित्रपटगृहांची दारे बंद. प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या युनियनच्या पुढाऱ्यांनीही पाठ फिरवली, हे सर्वांत क्लेशदायक. चित्रपट जगला तो पुढे युनियनच्या सभागृहांत आणि कॉलेजांत दाखवला गेला म्हणून.

मुंबईला हे परके वाटू नये. 'आयटक' या कामगार महासंघाची स्थापना याच शहरात १९२० साली झाली; १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. आज अनेक गिरण्यांच्या जागी मॉल आहेत आणि त्यांच्या दारात ऑर्डरची वाट पाहणारे डिलिव्हरीवाले. 'लालबाग परळ' हा गिरणी कामगारांवरचा मराठी चित्रपट या डिलिव्हरीवाल्या मुलांनी निवृत्त गिरणी कामगारांशेजारी बसून पाहिला पाहिजे आणि नंतर बोलले पाहिजे. कामगार संघटनांनी येत्या १ मे रोजी आपली सभागृहे त्यासाठी विनामूल्य खुली करावीत.