शेवट सांगू नका हं!

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. २०१६ च्या मे महिन्यात आमच्या गावच्या टॉकीजला ‘सैराट’ लागला होता. मी पहिल्याच आठवड्यात पाहून आले आणि महिनाअखेरच्या भिशीला, हातात पोह्यांची डिश घेऊन, शेवट सांगून मोकळी झाले! शेजारच्या वहिनी एकदम गप्प झाल्या. निघताना म्हणाल्या, "ताई, उद्याच जाणार होते हो मी."

सासूबाईंचं आजारपण, पाहुण्यांचा राबता... त्यांचे चार रविवार असेच हुकले होते. माझ्या मनाला ते फार लागलं. घरात जेवायला शेवटी बाई, पेपर वाचायला शेवटी बाई आणि सिनेमालाही तीच शेवटी. मग गोष्टीच्या आधी शेवटच तिच्यापर्यंत पोचतो!

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चालू आहे, मध्ये कोरोनाचा खंड पडला तेवढाच. प्रयोग संपला की रहस्य बाहेर फोडू नका, अशी विनंती रंगमंचावरूनच केली जाते. हिचकॉक यांनी १९६० मध्ये ‘सायको’ला उशिरा येणाऱ्यांना आत सोडायचंच नाही, असा नियम केला होता.

आपल्याला एवढं नको, पण साध्या गोष्टी जमतील. आधी "पाहिलंस का?" विचारावं. नसेल पाहिला तर मध्यंतरापर्यंतच बोलावं. मोबाइलवर आधी सिनेमाचं नाव आणि ‘पुढे शेवट आहे’ एवढंच लिहावं, बाकीचं आवाजी निरोपात सांगावं. ज्यांना हवं त्या ऐकतील. आणि वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिण्याचा चावटपणा तर कुणीच करू नये!

कुणी म्हणेल, रामायणाचा शेवट ठाऊक असून आपण ते पाहतोच की. खरंय. पण आधी कळून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. एखादीच्या मनावरची जखम ताजी असेल आणि तिने आपणहून विचारलं, तर तिला एकटीला बाजूला घेऊन जरूर सांगावं.

पुढे वहिनींनी ‘सैराट’ टीव्हीवर पाहिला. म्हणाल्या, "रडले हो ताई, पण दचकले नाही."

तो दचका मी हिरावला होता. तेव्हापासून भिशीत मी आधी विचारते, मगच तोंड उघडते.