उपकाराची पावती

भोकरदन तालुक्यातील राजूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील गणपतीमुळे. चतुर्थीला तेथे लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना गावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु ह्या गावाच्या सरकारी पत्त्यात 'जिल्हा जालना' हे शब्द १ मे १९८१ रोजी आले. त्यापूर्वी जालना, भोकरदन, जाफराबाद आणि अंबड हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणीत. सातबाऱ्याच्या तंट्यासाठी वा जिल्हाधिकाऱ्यांच्या एका सहीसाठी राजूरच्या शेतकऱ्याला औरंगाबाद गाठावे लागे. ती यातायात संपली. ज्यांच्या कारकिर्दीत ती संपली ते मुख्यमंत्री म्हणजे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले.

एवढेच नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली त्यांच्याच राजवटीत सुरू झाली. ती अद्याप चालू आहे. ज्या म्हातारीला पोटचे कोणी नाही, ज्या विधवेला दीर-भावजयांनी दाराबाहेर काढले आहे, तिला महिन्याकाठी मिळणाऱ्या त्या पैशांचे मोल शहरातल्या माणसाला कळणार नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक चुली त्या अनुदानावर पेटल्या आहेत. हे सारे आम्ही आरंभीच नमूद करतो, कारण ज्यांच्याशी आमचा वाद आहे ती मंडळी आपले म्हणणे येथूनच सुरू करतात. "त्यांनी जिल्हा दिला, निराधारांना भाकर दिली, मग उगाच जुन्या भानगडी कशाला उकरता?"

जुनी भानगड उकरण्याची हौस आम्हांला नाही. तथापि, आज आपल्या समाजात देणगीदारांविषयी जो युक्तिवाद सर्रास ऐकू येतो तो त्या भानगडीत जसा उघडा पडला तसा क्वचितच पडला असेल.

त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. भाव सरकारने ठरवायचा, परवाना सरकारने द्यायचा. खेड्यातल्या माणसाला विहिरीचे कठडे बांधायचे असले वा घराला गिलावा करायचा असला तर चार पोत्यांसाठी तालुक्याला खेटे घालावे लागत, आणि काळ्या बाजारातला भाव त्याच्या आवाक्याबाहेरचा असे. ह्याच दिवसांत मुंबईतील बांधकाम व्यावसायिकांना कोट्याबाहेर सिमेंट मिळत होते, आणि तेच व्यावसायिक मुख्यमंत्र्यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला देणग्या देत होते. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस, म्हणजे जालना जिल्हा होऊन चार महिनेच झाले असताना, अरुण शौरी ह्यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. मृणाल गोरे, प. बा. सामंत आदी मंडळी उच्च न्यायालयात गेली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन ह्यांनी निर्णय दिला की, देणगी आणि सिमेंट ह्यांचा परस्परांशी संबंध होता. अंतुले ह्यांनी राजीनामा दिला.

ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसे टेबलाखालून गेले नव्हते. ते प्रतिष्ठानाच्या नावे गेले होते आणि त्यांची नोंद होती. प्रतिष्ठानाचा हेतूही उदात्त होता: साहित्यिकांना आणि कलावंतांना साहाय्य! (आपल्यासारख्या त्रैमासिकात लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. पापाच्या पैशाला पुण्याची वाट शोधायची असली की तो फार वेळा साहित्याच्या आणि धर्माच्या दारी येतो.) लाच घेणाऱ्याला निदान लाज असते, तो दार लोटून घेतो. देणगी घेणारा पावती फाडतो, शाल पांघरतो आणि छायाचित्र काढवून घेतो. दोन्हींतला फरक तो एवढाच की, दुसऱ्या प्रकारात आपण सारे टाळ्या वाजवायला हजर असतो.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक ह्यांनी फौजदारी खटला गुदरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमदारावर खटला भरण्यास परवानगी लागते काय, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, ह्या प्रश्नांवर पाने भरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तोच आदेश चुकीचा ठरविला. कायद्याचे विद्यार्थी ते निवाडे आजही अभ्यासतात. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. अंतुले पुढे लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार खात्याचे मंत्री झाले आणि २ डिसेंबर २०१४ रोजी वारले. फिर्यादी नायक ह्यांची २५ ऑगस्ट १९९४ रोजी वांद्र्यात टोळीवाल्यांनी गोळ्या घालून हत्या केली. त्या हत्येचा सिमेंट प्रकरणाशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल, आणि आम्ही तो जोडत नाही.

न्यायालयाने शिक्षा दिली नाही, तेव्हा कै. अंतुले ह्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही तसे म्हणतही नाही. आमचा वाद पुढच्या पायरीवर आहे. 'दोष सिद्ध झालेला नाही' हे वाक्य कायद्याने आरोपीच्या संरक्षणासाठी घडविले आहे. तुरुंगाच्या दारात ते ढाल म्हणून शोभते. त्याचा हार करून गळ्यात घालायला ते घडविलेले नाही. एखाद्याला तुरुंगात धाडण्यासाठी जेवढा पुरावा लागतो तेवढाच त्याला व्यासपीठावर न बसविण्यासाठीही लागतो, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आपण मुलीचे स्थळ पाहतो तेव्हा मुलावर न्यायालयात दोष सिद्ध झाला आहे काय, एवढेच विचारतो काय? गावात चार माणसांना विचारतो, आणि मन साशंक झाले तर नम्रपणे नकार कळवितो. त्या नकाराने कोणाच्या मूलभूत हक्कांवर गदा येत नाही.

ह्यावर आपल्यातील शहाणी माणसे म्हणतात, "हे राजकारणी लोकांचे झाले. आपण पडलो मूठभर. आपल्याला शाळेची परवानगी हवी, दफनभूमीसाठी जागा हवी, दंगल झाली तर पोलीस हवेत. कोणाशी वैर परवडणारे नाही." ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मराठवाड्यात विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांना तिचा अनुभव आहे. परंतु शाळेची परवानगी ज्याच्या मेहेरबानीने मिळाली त्याच्याविरुद्ध, शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या बापाची जमीन गेली तरी, आपण बोलू शकत नाही. म्हणजे परवानगीची किंमत आपण चुकविलीच. फक्त ती पावतीवर लिहिली गेली नाही.

आणि हे केवळ राजकारण्यांचेच दुखणे आहे, असे समजून आपण हात धुऊन मोकळे होऊ शकत नाही. ज्या मे महिन्यात जालना जिल्हा झाला त्याच महिन्यात इटलीत एक यादी प्रसिद्ध झाली आणि तेथले सरकार कोसळले. लिचो जेल्ली नावाच्या इसमाकडे घेतलेल्या झडतीत ती सापडली होती. 'पी-दोन' ह्या गुप्त मंडळाच्या सभासदांची ती यादी. नावे ९६२. त्यांत मंत्री होते, सेनापती होते, संपादक होते, आणि मिलान येथील बान्को अम्ब्रोसियानो ह्या बँकेचे अध्यक्ष रोबेर्तो काल्व्ही होते. ही बँक १८९६ साली जुझेप्पे तोविनी ह्या भाविक कॅथलिक वकिलांनी काढलेली. त्यांना पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९८ साली धन्य घोषित केले. श्रद्धावंतांच्या ठेवी सचोटीने राखाव्यात म्हणून काढलेल्या ह्या बँकेच्या अध्यक्षाला जुलै १९८१ मध्ये परकीय चलनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. संचालकांनी काय करावे? अपील प्रलंबित आहे, असे म्हणून त्याला पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसविले! वर्ष उलटण्यापूर्वी, जून १९८२ मध्ये, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली त्याचे प्रेत लटकताना सापडले आणि बँक बुडाली.

त्या बँकेच्या व्यवहारांत व्हॅटिकनची स्वतःची बँकही गुंतली होती. १९८४ मध्ये तिने कायदेशीर जबाबदारी नाकारून, परंतु नैतिक संबंध मान्य करून, धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले. तिचे प्रमुख आर्चबिशप मार्सिंकस मात्र १९८९ पर्यंत त्या पदावर होते. इटलीच्या न्यायाधीशांनी काढलेले त्यांचे अटक वॉरंट पुढे वरिष्ठ न्यायालयाने रद्द केले. येथेही तेच: दोष सिद्ध झाला नाही. हे लिहिताना आम्हांला आनंद होत नाही. पण दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवून स्वतःच्या घराची खिडकी लावून घेणे आम्हांला जमत नाही.

बँकेला नाव कोणाचे दिले होते, हे तरी आठवावे. मिलानचे महागुरुस्वामी संत अ‍ॅम्ब्रोज ह्यांचे. थेस्सलनीकात हजारो माणसे कापली गेल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा इ. स. ३९० मध्ये ह्याच अ‍ॅम्ब्रोजनी सम्राट थिओडोसियसला कळविले की, प्रायश्चित्त घेतल्यावाचून तुझ्यासमोर मी मिस्साबलिदान अर्पण करणार नाही. सम्राटावर कोणत्या न्यायालयात दोष सिद्ध झाला होता? आणि त्या सम्राटाचे ख्रिस्तसभेवर उपकार थोडे होते काय? ख्रिस्ती धर्माला राजधर्म केला तो त्यानेच!

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात, पण आडपडदा न ठेवता मांडतो. आपल्या शाळांचे वर्ग, सभागृहे, ग्रोटो आणि घंटाघरे ह्यांवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लागतात. सणाच्या निमंत्रणपत्रिकेवर धर्मगुरूंच्या नावाशेजारी प्रमुख पाहुण्यांचे नाव छापले जाते. ती नावे ठरतात कशी? बहुधा दोन-तीन माणसांच्या बैठकीत, आणि विचार होतो तो रकमेचा. ती बैठक सर्व धर्मग्रामस्थांसमोर व्हावी. ज्याच्यावर जमीन बळकावल्याचा, माणसे धमकावल्याचा वा सरकारी पैसा खाल्ल्याचा खटला उभा आहे, त्याला निकाल लागेपर्यंत सन्मान नाही, एवढा ठराव मंडळाने करावा. त्याने मिस्साला यावे, मागच्या बाकावर बसावे, पापनिवेदन करावे. त्याला कोणी अडविणार नाही. व्यासपीठ मात्र नाही.

निराधार योजनेच्या म्हातारीचे काय, असे कोणी विचारील. तिने अनुदान निःशंक घ्यावे. ते कोणत्याही मुख्यमंत्र्याच्या खिशातून आलेले नाही. काडीपेटीपासून लुगड्यापर्यंत जे जे तिने जन्मभर विकत घेतले त्यावर कर भरला आहे. जालना जिल्हाही कोणी कोणाला आंदण दिलेला नाही. तो राजूरच्या लोकांचा हक्क होता आणि उशिरा मिळाला. हे ज्या दिवशी आपल्या मंडळींच्या मनात पक्के बसेल त्या दिवशी पुढाऱ्यांना हार घालणारे हात निम्मे कमी होतील. तोपर्यंत आपल्या धर्मग्रामांच्या पावतीपुस्तकांत रकमेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा, अशी आमची सूचना आहे: देणगीदाराने त्याच वर्षी आपल्याकडे काय मागितले.